त्या दोघांना त्यांचे कपडे परत द्या: कव्हर आणि पोस्टर फायनल करणाऱ्यांना खुलं पत्र

पुस्तकांची कव्हरं, सिनेमाची पोस्टरं, गेमचे बॉक्स, थंबनेल आणि जाहिराती फायनल करणाऱ्या तमाम मंडळींना,

नमस्कार.

पत्र तुम्हाला आहे पण बाकीच्यांनीही वाचावं म्हणून उघड्यावर लिहितेय. आधी खाजगीत लिहून बघितलं होतं, त्याचं उत्तर दोन ओळींत आलं आणि त्या दोन ओळी गिळून गप्प बसणं काही मला जमेना.

मी इलस्ट्रेटर आहे. मुख्यतः पुस्तकांची कव्हरं करते, अधूनमधून गेमचं कॅरेक्टर डिझाइन, कधी पोस्टर. म्हणजे मी हे लांबून बघून बोलत नाहीये, तुमच्या ब्रीफ, म्हणजे कामाच्या सूचना, वाचून, तुमच्या मीटिंगांना बसून बोलतेय. 'जरा अपील कमी पडतंय', 'कर्व्ह दिसू देत', 'हिरो अजून कट पाहिजे', 'एवढं झाकलं तर क्लिक कोण करणार' ही सगळी वाक्यं मला झोपेतून उठवून विचारलीत तरी म्हणून दाखवेन.

झालं असं की एका सायन्स फिक्शन कादंबरीचं कव्हर माझ्याकडे आलं. प्रकाशकाचं नाव घेत नाही, कारण हा एकट्या त्यांचा रोग नाही. कादंबरीत एक पन्नाशी उलटलेली इंजिनियर बाई आहे, बर्फाळ समुद्रात तळाशी जाऊन तुटलेल्या केबली जोडते, आणि तिच्यापेक्षा बराच लहान असलेला तिचा मदतनीस डायव्हर आहे. मी अख्खं हस्तलिखित वाचलं (सगळे वाचत नाहीत, तुम्हाला माहितीय). चित्रात मी दोघांना ड्रायसूटमध्ये, म्हणजे पाणी आत न येऊ देणाऱ्या डायव्हरच्या पोशाखात दाखवलं, डोक्यावर हेल्मेट, तिच्या हातात केबलचं कापलेलं टोक, तो मागून दिवा धरून उभा, आणि काचेतून तिचा चेहरा दिसतोय, कपाळाला आठ्या, पूर्ण लक्ष कामात. संपादकांनी ओके केलं. लेखकाला आवडलं. मग ते मार्केटिंगकडे गेलं.

छापून आलं तेव्हा बाई पंचविशीची झाली होती. हेल्मेट गायब, केस पाण्यात मोकळे, सूटची चेन छातीपासून खाली उघडलेली. ड्रायसूट ज्याने घातलाय त्याला विचारा, चेन उघडी ठेवून पाण्यात उतरलात तर सूटमध्ये पाणी भरतं, त्याचं नावच ड्राय आहे हो. केबल काढून टाकली होती कारण केबलमुळे छाती झाकली जात होती. आणि तो बिचारा मदतनीस, त्याचा तर सूटच काढून घेतला होता, शून्य अंशाच्या आसपासच्या पाण्यात तो उघड्या अंगाने, तेल लावल्यासारखा चकचकीत, पोटाचे सगळे कप्पे मोजता येतील असा उभा. कोपऱ्यात माझी सही मात्र होती तशीच.

मी लांबलचक मेल लिहिला. उत्तर आलं की टार्गेट ऑडियन्सला हेच कनेक्ट होतं, आणि पुढच्या भागांनाही हाच लूक ठेवायचं ठरलंय. बस. म्हणून हे पत्र.

आता आधीच सांगते, म्हणजे पुढे वाचताना तुमचा वेळ वाचेल. मी 'झाका झाका' म्हणणारी नाही. शरीर दाखवण्यावर माझा आक्षेप नाही, मी शिकलेच आहे नागडी माणसं काढत. कॉलेजात न्यूड स्टडीचा वर्ग असतो, त्यात मॉडेल येतो किंवा येते, मधोमध उंचवट्यावर बसते, समोर वीस पोरं बोर्ड लावून. पहिल्या दिवशी छातीत धडधडतं, खोटं कशाला बोलू, पण पाच मिनिटांत तुम्ही खांदा कुठे संपतो आणि मान कुठे सुरू होते त्यात अडकता. त्या वर्गाचे नियम कडक असतात. मोबाइल बंद. दोन पोझच्या मध्ये मॉडेल झगा घालणार. हात लावायचा नाही, पोझ बदलायची असली तर सर विचारून सांगणार. मॉडेल थकलं म्हणालं की थांबायचं. आणि तिथे डोक्यापासून चित्र सुरू करायला शिकवतात, म्हणजे निदान आम्हाला तरी तसं शिकवलं, कारण डोकं कुठे वळलंय त्यावर सगळं शरीर ठरतं. अंगावर एक सूत नसताना तो माणूस तिथे पूर्ण माणूस असतो. तुमच्या कव्हरवर बऱ्यापैकी कपडे असूनही तो माणूस नसतो. माझी तक्रार एवढ्या फरकाची आहे.

तर तक्रारी.

पहिली पाठीच्या कण्याची. हसू नका. छाती आणि पार्श्वभाग दोन्ही एकाच फ्रेममध्ये पाहिजे, आणि वर चेहरा कॅमेऱ्याकडे, ही तुमची आवडती ऑर्डर. कमरेचे मणके फिरतात किती हे माहितीय का? अगदी थोडे. वळण येतं ते वरच्या, फासळ्यांच्या भागातल्या मणक्यांतून, आणि तेही मर्यादेत. तुम्ही मागता ती पोझ जिवंत माणसाला घेता येत नाही, ती काढायची तर मला कंबर मोडावी लागते. आणि ही बाई त्या क्षणी काय करतेय म्हणे? तर तलवार चालवतेय, कड्यावरून उडी मारतेय, शहर वाचवतेय. पुरुषाला त्याच जागी काढायचं असलं की तो सरळ समोर बघत पाय रोवून उभा. 2012 साली इंटरनेटवर काही चित्रकारांनी 'हॉकआय इनिशिएटिव्ह' नावाची गंमत सुरू केली होती, कॉमिकमधल्या बायकांच्या पोझ घ्यायच्या आणि जशाच्या तशा हॉकआय या धनुर्धारी पुरुषाला द्यायच्या. बघणारे पोट धरून हसले. हसले कारण पुरुषाच्या अंगावर ती पोझ गेल्याबरोबर ती किती खुळचट आहे ते दिसलं. बाईच्या अंगावर तीच पोझ वर्षानुवर्षं होती तेव्हा कोणाला हसू आलं नाही, नजर सरावली होती ना.

2014 मध्ये मार्व्हल या कॉमिक कंपनीने स्पायडर-वुमनचं एक जादा कव्हर मिलो मनारा या इटालियन चित्रकाराकडून करून घेतलं आणि मोठा गदारोळ झाला, ती इमारतीच्या कडेवरून वर येतेय पण अशी की कोळ्याचा काही संबंध नाही आणि कपडा म्हणजे अंगावर लावलेला रंग. लोकांनी चित्रकाराला धुतला. मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं की मनारा उघडपणे कामुक कॉमिक्स काढणारा माणूस आहे, त्याचं नाव त्यासाठीच आहे, त्याने काय वेगळं काढायला हवं होतं? त्याला या कामाला बोलवायचं कोणी ठरवलं ते विचारा. प्रत्येक वेळी शिव्या खातो तो हात आणि ठरवणारं डोकं एसीत बसलेलं, म्हणून हे पत्र मी चित्रकारांना लिहीत नाहीये, तुम्हाला लिहितेय.

चिलखताचं तर काय सांगू. गेममधल्या बाईला धातूचं चिलखत द्यायचं तर त्याला दोन वाट्या ठोकून द्यायच्या. खऱ्या चिलखताची छाती पुढे फुगीर असायची ती घाव बाहेरच्या बाजूला निसटावा म्हणून. दोन वाट्यांच्या मध्ये जी घळ होते ती घाव थेट छातीच्या हाडावर आणून सोडते. बरं, पुरुषांनाही अशी हौस होतीच, ग्रीक आणि रोमन लोकांनी स्नायू कोरलेली चिलखतं घातलीत, पण निदान ती पोटापर्यंत बंद तरी होती! तुमच्याकडे बाईचं चिलखत जितकं महाग तितकं ते लहान होत जातं, गेम खेळणाऱ्यांमध्येच हा जुना विनोद आहे.

दुसरी तक्रार मुंडक्याची. मार्शा बेल्स्की नावाच्या विनोदी कलाकार बाईने 2016 मध्ये सिनेमाची अशी पोस्टरं जमवायला घेतली ज्यात बाईचं डोकंच नाही. पाय आहेत, पाठ आहे, मांड्यांच्या कमानीतून दिसणारा हिरो आहे, डोकं कापलेलं. ढीग जमला. तुम्ही म्हणाल कॉम्पोझिशन आहे, आर्टिस्टिक क्रॉप आहे. असेल. पण क्रॉप करताना दर वेळी मुंडकंच जास्तीचं कसं ठरतं हो? आणि हे बायकांपुरतं नाही. रोमान्स कादंबऱ्यांची कव्हरं काढून बघा, ओठांच्या वर पुरुष संपतो. एक मॉडेल मला माहितीय, आमच्याकडे लाइफ ड्रॉइंगला बसायचा, नंतर अशा कव्हरांसाठी फोटो द्यायला लागला. तो म्हणाला की पुस्तक घेऊन आईला दाखवायला गेलो तर तिला पटवून द्यावं लागलं की हा मीच आहे. सांगताना हसत होता. पैसे बरे मिळतात म्हणाला, फक्त शूटच्या आदल्या दिवसापासून पाणी पिऊ देत नाहीत.

इथेच येते पुरुषांची गोष्ट आणि यावर मला जरा जास्त बोलायचंय कारण यावर कोणी बोलतच नाही, किंवा बोलतात ते फक्त बायकांच्या तक्रारीला गप्प करायला, 'पुरुषांचंही होतं ना, ते कुठे रडतात' असं.

पुरुषांचंही होतं. पाणी तोडायचं हे त्या मॉडेलपुरतं नाही, ती धंद्यातली रीतच झालीय. शर्ट काढायचा सीन असला की आधी पाणी कमी करत आणायचं, म्हणजे कातडी स्नायूंना चिकटते आणि शिरा दिसतात. हॉलिवूडचा नट ह्यू जॅकमनने हे मुलाखतींत उघड सांगितलंय. तिथल्याच झॅक एफ्रॉनने 2022 मध्ये सांगितलं की बीचवरच्या एका सिनेमासाठी शरीर कमावताना अंगातलं पाणी काढणारी औषधं घेतली, झोप उडाली, डिप्रेशन आलं, सावरायला बराच काळ गेला. आणि तो म्हणाला ते शरीर त्यालाच खोटं वाटतं, कॉम्प्युटरवर केल्यासारखं. ज्याच्या अंगावर ते होतं त्यालाच! मग पडद्यासमोर बसलेल्या सतरा वर्षांच्या पोराचं काय होत असेल? खेळण्यांतल्या सैनिकांवर एक अभ्यास झाला होता, 1999 मध्ये छापून आला. जी. आय. जो नावाचा बाहुला 1964 मध्ये आला तेव्हा साध्या अंगाचा गडी होता, दर पिढीला फुगत गेला, आणि 90च्या दशकातला एक नमुना खऱ्या माणसाच्या उंचीला मोठा करून मोजला तर दंड 26 इंचांच्याही वर भरला. पट्टीच्या बॉडीबिल्डरांचेही दंड एवढे नसतात. आपण पुरेसे पिळदार नाही या वेडाने पछाडलेल्या मुलांचा आजार आता डॉक्टरांच्या अधिकृत यादीत आहे, 2013 च्या डीएसएम-5 या मानसिक आजारांच्या अमेरिकन सूचीत त्याचा उल्लेख आला. मुलगा आरशासमोर तासन् तास उभा राहिला तर घरचे म्हणतात जिमला जातोय, चांगलंय.

आणि पुरुषाला यात लाज वाटू शकते हे कोणाच्या गावीच नाही. मुलाखतीत हिरोईनला फिगर विचारलीत तर आता निदान चार लोक ओरडतात, हिरोला स्टेजवर शर्ट काढायला लावा, अँकर पोटावरून हात फिरवून बघते, सगळे टाळ्या वाजवतात. तो हसतो. काय करेल, नाही म्हणाला तर मर्द नाही.

पण तरीही, आणि हे नीट ऐका, दोघांचे कपडे उतरवले म्हणजे हिशेब बरोबरीत आला असं नाही. माझ्या त्या कव्हरवर दोघंही उघडे आहेत, पण तो पाय रोवून उभा आहे आणि ती मान टाकून तरंगतेय. उघडेपणा त्याला ताकद देतो, तिच्याकडची काढून घेतो. त्याचं पोट बघून वाचणारा पुरुष म्हणतो मी असा झालो पाहिजे, तिची चेन बघून म्हणतो मला अशी मिळाली पाहिजे. दोघांवरही अन्यायच आहे पण तो एकसारखा नाही आणि एकाचं औषध दुसऱ्याला देऊन चालणार नाही. आणि संख्येचं म्हणाल तर 1989 मध्ये गनिमी पद्धतीने काम करणाऱ्या 'गरिला गर्ल्स' या स्त्री कलाकारांच्या गटाने न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये जाऊन मोजणी केली, आधुनिक कलेच्या दालनांत चित्रकारांमध्ये बायका 5 टक्क्यांपेक्षा कमी आणि नग्नचित्रांमध्ये बायका 85 टक्के. मग पोस्टर काढलं, बाईला म्युझियममध्ये शिरायला कपडे काढावे लागतात का, म्हणून. गोरिलाचा मुखवटा घातलेली नग्न बाई. डोकं आहे त्या चित्रात, बघा.

आता तुमची ठेवणीतली उत्तरं घेते.

'कलेत हे पहिल्यापासून आहे.' आहे की. पण कलेचा इतिहास तुम्ही काढलाच आहे तर पूर्ण काढू. 1863 मध्ये पॅरिसच्या सलोन या सरकारमान्य चित्रप्रदर्शनात कबानेल या चित्रकाराने लाटांवर पहुडलेली नग्न व्हीनस दाखवली, डोळे अर्धवट मिटलेले, लोक खूष, स्वतः तिसऱ्या नेपोलियनने ती विकत घेतली. त्याच वर्षी एदुआर माने या चित्रकाराने ऑलिंपिया रंगवली, तीही नग्न, तीही पहुडलेली. 1865 मध्ये ती सलोनमध्ये लागली तर एवढा गहजब झाला की पहारा ठेवावा लागला आणि पुढे चित्र उंचावर टांगलं. फरक काय होता? ऑलिंपिया ही पैसे घेणारी शहरातली बाई होती हे उघड होतं हे एक, आणि दुसरं, ती बघणाऱ्याच्या डोळ्यात डोळे घालून बघते. मांडीवर हात ठाम ठेवलाय, तो लाजून नाही, हे माझं आहे म्हणून. लोकांना नागडेपणा चालला होता, तिचं बघणं चाललं नाही. मी जी आठ्या घातलेली बाई काढली होती ती चालली नाही, यापेक्षा वेगळं काही घडलंय असं मला वाटत नाही.

आणि झाकणाऱ्यांची बाजू मी घेणार नाही ती याच इतिहासामुळे. मायकेलअँजेलो गेल्यावर, 1565 मध्ये, व्हॅटिकनच्या सिस्टिन चॅपेलमधल्या त्याच्या आकृत्यांवर दानिएले दा व्होल्तेराकडून कपडे रंगवून घेतले, बिचाऱ्याला चड्डीवाला हे नाव कायमचं चिकटलं. अलीकडची गोष्ट, व्हिएन्नाच्या म्युझियममधली विलेनडॉर्फची व्हीनस, 30,000 वर्षांच्या आसपासची, उंची 11 सेंटिमीटर, एवढीशी दगडाची मूर्ती, तिचा फोटो फेसबुकने अश्लील म्हणून काढून टाकला, 2018 मध्ये बोंबाबोंब झाल्यावर माफी मागितली. त्याच वेळी कितीतरी जाहिराती उघड्या अंगांवर धावत होत्या. कात्री दिली की ती हमखास चुकीच्या ठिकाणी चालते. म्हणून मी सेन्सॉर मागत नाहीये. कामुक चित्रं काढणाऱ्यांनी काढावीत, बघणाऱ्यांनी बघावीत, मोठ्या माणसांनी मोठ्यांसाठी केलेलं, वर तसं लिहिलेलं असलं की मला काही म्हणायचं नाही. केबल जोडणाऱ्या बाईच्या गोष्टीवर ते चिकटवू नका एवढंच.

'लोकांना हेच लागतं.' हे तुमचं ब्रह्मवाक्य. ब्रिटनमधल्या द सन या पेपरात 1970 पासून पान तीनवर उघड्या छातीच्या मुलीचा फोटो यायचा, लोकांना हेच लागतं म्हणून. 2012 पासून त्याविरुद्ध मोहीम झाली, 2015 मध्ये ते बंद झालं. पेपर अजून निघतो. लोकांना जे लागतं म्हणता ते तुम्हीच रोज वाढलेलं असतं, दुसरं ताटात पडतच नाही तर मागणार कुठून? आणि आता तर तुमचंच वाढलेलं मशीननेही गिळलंय. 2022 च्या शेवटी लेन्सा नावाचं ॲप आलं होतं, आपले फोटो टाकायचे आणि ते चित्रं काढून द्यायचं. पुरुषांना अंतराळवीर, योद्धा करून मिळालं, आणि बऱ्याच बायकांनी चेहऱ्याचे साधे फोटो टाकले तर त्यांना अर्धनग्न करून मिळालं. मशीनच्या मनात पाप नव्हतं, त्याला मनच नाही. इंटरनेटवरची करोडो चित्रं दाखवून त्याला शिकवलं, त्यात आपली कव्हरं, आपली पोस्टरं, आपले गेम आले. म्हणजे एक चेन तुम्ही उघडता आणि ती अनोळखी मुलीच्या फोटोपर्यंत जाऊन पोचते.

'चित्रंच तर आहे, कोणाचं काय बिघडतं.' 1998 मध्ये अमेरिकेत कॉलेजच्या मुलामुलींवर एक प्रयोग छापून आला. एकेकाला एकट्याला खोलीत पाठवलं, आत आरसा, कोणाला स्वेटर घालायला दिला कोणाला पोहण्याचे कपडे, आणि ते घालून गणितं सोडवायला लावली. बघायला कोणी नव्हतं. तरी पोहण्याच्या कपड्यांतल्या मुलींचे मार्क स्वेटरवाल्या मुलींपेक्षा कमी आले, मुलांच्या मार्कांत फरक पडला नाही. म्हणजे आपल्याकडे कोणीतरी बघतंय हा हिशेब डोक्यात चालूच राहतो आणि गणिताला डोकं उरत नाही. आता हा एक छोटा प्रयोग, यावरून सगळ्या जगाचं ठरवता येत नाही, पण कोणाचं काय बिघडतं असं विचारणाऱ्यांना दाखवायला पुरे. अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेने, एपीएने, 2007 मध्ये मुलींवर मोठा अहवाल काढला, त्यात फार साफ करून ठेवलंय की कामुक दाखवणं आणि माणसाला फक्त तेवढंच करून ठेवणं यांतली रेघ कुठे. माणसाची किंमत निव्वळ त्याच्या लैंगिक आकर्षणावर ठरवलीत, सेक्सी असणं म्हणजेच सुंदर असणं असं मोजलंत, त्याला दुसऱ्याच्या वापराची वस्तू केलंत, किंवा त्याने मागितलेलं नसताना लैंगिकता त्याच्यावर लादलीत, यातलं एक जरी झालं तरी रेघ ओलांडली. माझ्या कव्हरवर चारही झालंय.

'असं बदलता येत नाही, इंडस्ट्री अशीच चालते.' येतं. नॉर्वेच्या बीच हँडबॉलच्या मुलींना 2021 मध्ये युरोपियन स्पर्धेत 1,500 युरो दंड झाला, गुन्हा काय तर बिकिनीऐवजी शॉर्ट्स घातल्या. नियमात बिकिनीची बाजूची पट्टी जास्तीत जास्त 10 सेंटिमीटर असं लिहून ठेवलं होतं, पुरुषांना आपले शॉर्ट्स. कोणीतरी टेबलाशी बसून पट्टीने ते 10 सेंटिमीटर ठरवलं असणार ना? जगभरातून इतकी छीथू झाली की काही महिन्यांत नियम बदलला. त्याच वर्षी टोकियोत ऑलिंपिकचं प्रक्षेपण करणाऱ्या संस्थेने सांगून टाकलं की खेळाडूंच्या शरीराच्या भागांवर कॅमेरा नेऊन ठेवायचा नाही. खेळ तेच, खेळाडू तेच. एचबीओ या अमेरिकन टीव्ही चॅनेलने 2018 पासून बेड सीनला इंटिमसी कोऑर्डिनेटर ठेवायला सुरुवात केली, म्हणजे कोणी कुठे हात ठेवायचा, कॅमेऱ्यात काय येणार, हे आधी बोलून, मान्य करून. तेव्हाही लोक म्हणाले आता सीन मेले. मेले नाहीत.

फोटोशॉपबद्दल थोडक्यात, कारण ते सगळ्यांना माहितीय. 2003 मध्ये केट विन्स्लेटला एका मासिकाने कव्हरवर इतकी बारीक केली की तिनेच जाहीरपणे सांगितलं मी अशी दिसत नाही. फ्रान्समध्ये 2017 पासून जाहिरातीतलं मॉडेल बारीक-जाड केलं असलं तर तसं लिहावं लागतं, नॉर्वेत 2022 पासून. जग बुडालं नाही.

मागण्या सांगते.

चित्र, फोटो किंवा सीनमध्ये कपडे कमी करायचे असतील तर ब्रीफमध्ये लेखी द्या, कोणी सांगितलं आणि गोष्टीतल्या कुठल्या कारणासाठी. फोनवर 'जरा स्पाइस अप करा' चालणार नाही. माझा अंदाज आहे की कारण लिहायची वेळ आली की निम्म्या सूचना तिथेच गळतील.

पात्राचं वय बदलायचं नाही. पन्नाशीची बाई पन्नाशीचीच छापा. आणि वयात न आलेलं पात्र असेल तर त्याला मोठ्याचं शरीर देऊन वर 'ती दोनशे वर्षांची परी आहे' असली पळवाट तर अजिबात नको, यावर मी चर्चाही करणार नाही.

फायनल करण्याआधी पोझची अदलाबदल करून बघा. बाईची पुरुषाला, पुरुषाची बाईला. मीटिंगमध्ये कोणाला हसू आलं तर चित्र परत पाठवा. याला खर्च नाही.

मॉडेल आणि नट, बाई असो की पुरुष, त्यांच्या शरीरात फेरफार केलेलं शेवटचं चित्र त्यांना दाखवा आणि त्यांचा होकार घ्या. शूटच्या आधी पाणी तोडायला लावणं बंद करा. 'त्यांनी कुठे तक्रार केली' हे उत्तर देऊ नका, ज्याला पुढचं काम तुमच्याकडूनच मिळवायचंय तो तक्रार करेल कशी.

चित्रकाराने, फोटोग्राफरने, एडिटरने अशा बदलाला नाही म्हटलं तर त्याचं पुढचं काम तोडायचं नाही, आणि हे करारात घाला. तोंडी आश्वासनं खूप झाली.

आणि शेवटची, ही माझ्यापुरती वाटेल पण माझ्यासारखे खूप आहेत. दिलेल्या चित्रात आम्हाला न विचारता शरीरं बदललीत तर आमची सही आणि नाव काढून टाकायचा हक्क आम्हाला पाहिजे, छापून झाल्यावरसुद्धा, पुढच्या आवृत्तीपासून. ज्यांनी चेन उघडली त्यांनी आपलं नाव खाली घालावं, मला काही हरकत नाही. या कादंबरीच्या पुढच्या भागाचा करार माझ्या टेबलावर आहे, त्यात हे कलम नाही. ते घालून पाठवा, मी सही करून देते. नाहीतर करार कोरा परत येईल.

उत्तर द्यायचं असेल तर तेही उघडच द्या.

तुमच्यासाठी काम करणारी,
एक इलस्ट्रेटर